कारणाचा रकाना

परवा एका कॉलेजात नव्याने लागलेल्या प्राध्यापकांसमोर मला बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच लिहून पाठवला होता: उच्च शिक्षणातलं विद्यार्थी-मार्गदर्शन, त्यामागचा विचार आणि त्याचं प्रयोजन. नुसता विषय वाचूनच घसा कोरडा पडावा. तरी मी पाऊण तास बोललो. सल्ला कशाला म्हणावं आणि नुसती माहिती कशाला, मुलगा विषय निवडत असताना आपण किती बोलावं आणि कुठे थांबावं, निवड चुकली तर ती वेळेत कशी ओळखावी, सगळं सांगितलं. समोरची मंडळी वह्यांत उतरवून घेत होती. शेवटी शाल आणि नारळ मिळाला. एका तरुण बाईंनी उठून विचारलं, "सर, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हणालो, "अनुभवाने." सभागृहात कौतुकाने हसले सगळे.

अनुभव कोणता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. इतकी वर्षं तो मी कुणालाच सांगितलेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण आता माझं वय असं झालंय की सव्वा लाख राहिले काय आणि गेले काय, तेव्हा मूठ उघडतो.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी सत्तावीस वर्षांचा होतो. चिंचवडला दोन खोल्यांत आई आणि मी राहायचो, आणि पुण्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागून मला एक वर्ष झालं होतं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं निघाली होती. गाडीच्या खिडकीतून दर आठवड्याला कुठे नवा पाया खणलेला दिसे, कुठे पत्र्याची नवी शेड. स्टेशनावर सातारा-सोलापूरकडची माणसं वळकट्या घेऊन उतरत आणि कुणीतरी तोंडी सांगितलेला पत्ता शोधत उभी राहत. त्यांना रस्ता सांगायला मला फार आवडायचं. फाटकापर्यंत सोबत जाऊन हात करून दाखवायचो. त्यात आपलं काही जात नसे आणि माणूस दुवा देऊन जाई.

नोकरी अजून कायम झालेली नव्हती. दोन वर्षांची उमेदवारी होती, ती पुढच्या जूनमध्ये संपायची होती. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी हेच आहे. दुसरं कुठलंही थोर कारण नाही.

आमचे प्राचार्य जरा वेगळेच गृहस्थ होते. खेड्यातून आलेली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं मधेच गळतात, आणि ती बुद्धी कमी म्हणून गळत नाहीत, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. "यांच्या घरी कॉलेजची भाषा समजावून सांगणारं कोण आहे?" असं ते म्हणायचे. तर त्यांनी त्या वर्षी एक योजना काढली. प्रत्येक प्राध्यापकाकडे पंधरा विद्यार्थी. प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावर नाव, गाव, घेतलेले विषय, पुढचा उद्देश, आणि सगळ्यात खाली छापलेलं वाक्य: विद्यार्थ्याशी बोलून भरले. त्याखाली आमची सही.

योजना समजावून सांगायला त्यांनी आम्हाला एकत्र बसवलं. म्हणाले, "मुलाला दोनच गोष्टी विचारा. कुठे जायचंय आणि का. मग त्याने धरलेल्या वाटेने तिथे पोचता येतं का, तेवढं बघा. येत नसेल तर सांगा. बाकी उपदेश करू नका." परवाच्या भाषणात हे मी माझंच म्हणून सांगून आलो.

तेव्हा मात्र ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. स्टाफरूममध्ये आम्ही चेष्टा केली. आता पोरांची नाकंही आपणच पुसायची का, असं एक ज्येष्ठ म्हणाले आणि मी सगळ्यात मोठ्याने हसलो. जूनअखेर कार्डं परत द्यायची होती. शेवटच्या दिवशी शिपाई दाराशी उभा राहिला तेव्हा माझी चार मुलांशी बोलणी झाली होती. उरलेली अकरा कार्डं मी प्रवेशअर्ज समोर ठेवून तासाभरात भरली. उंटावरून शेळ्या हाकल्या. अकरा कार्डांच्या तळाशी सही करताना खालचं छापील वाक्य मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही.

त्या अकरांत एकच मुलगी होती. मोशीची. वडिलांची इंद्रायणीकाठी बागायत होती, घर खाऊनपिऊन सुखी. गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून हायस्कुलासाठी ती चिंचवडला मामाकडे येऊन राहिली आणि मॅट्रिकनंतर तिथूनच कॉलेजला जाऊ लागली. मामा रेल्वेत होता. ती त्या वर्षी इंटर सायन्सला गेली होती. इंटरला दोन वाटा होत्या. ए ग्रुप म्हणजे गणित, तो पुढे इंजिनियरिंगकडे जायचा. बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र, तो डॉक्टरीकडे. तिने ए ग्रुप घेतला होता. आदल्या वर्षी ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि तिची गणिताची वही छापल्यासारखी असायची. त्या काळी गणिताला मुलगी म्हणजे अप्रूप, त्यात ती खेड्यातली. माझ्या शिकवण्यामुळेच हे घडलं, असं मला वाटायला लागलं होतं. तिच्या कार्डावर उद्देशाच्या जागी मी लिहिलं: गणिताची विशेष आवड, पुढे गणित घेऊन पदवी.

ती आणि मी रोज एकाच फलाटावर गाडीची वाट बघत उभे असायचो. ती डबा आणि वह्या छातीशी धरून बायकांच्या डब्याच्या जागी, मी पाण्याच्या नळापाशी. "नमस्कार, सर," असं ती म्हणे, मी मान हलवे. गाडी रोज पाच-दहा मिनिटं उशिरा यायची. एक प्रश्न विचारायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यातली गोष्ट. तास संपला, मुलं गेली, ती थांबली.

"सर, एक विचारू का?"

मला वाटलं, गणितातलं असेल. म्हणालो, "विचारा."

"बेडूक कधी कापायचे?"

मी हसलो. मोठ्याने हसलो. सर हसले म्हणून तीही थोडी हसली, पण तिला कळत नव्हतं की यात हसण्यासारखं काय आहे. मग मी म्हटलं, "अहो, बेडूक बी ग्रुपला. तुम्ही ए मध्ये आहात."

"हो ना," ती म्हणाली, "म्हणूनच विचारलं. बी वाल्यांचे सहा झाले कापून. आपले कधी?"

हे तिने इतक्या सरळपणे विचारलं की माझं हसू तिथेच थांबलं. मी तिला बसायला सांगितलं. तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

तिच्या हायस्कुलात दोन तुकड्या होत्या. अ तुकडी हुशारांची, ब तुकडी बाकीच्यांची. खेड्यातून आलेल्या मुलांना आधी ब मध्येच घालत. तीही आठवीत ब मध्ये होती. वर्षभर घासून अभ्यास केला आणि नववीत अ मध्ये गेली, तेव्हा मामाने आळीत पेढे वाटले आणि वडील मोशीहून बैलगाडी जुंपून लेकीला बघायला आले. अ तुकडीला ब चं सगळं असायचंच, वर जास्तीचं असायचं. शास्त्राच्या प्रयोगांचं एक काचेचं कपाट होतं. ते दिवाळीनंतर उघडायचं, आणि फक्त अ तुकडीसाठी. ब तुकडीने चित्रं बघायची. कॉलेजात इंटरचा अर्ज भरताना खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "ए का बी?" ती म्हणाली, "ए."

"बी म्हणजे ब च ना, सर? मी परत ब मध्ये कशाला जाऊ?"

दिवाळी झाली, आता आपलं कपाट उघडेल, म्हणून ती विचारायला आली होती.

कॉलेजात आम्ही सगळे 'ग्रुप' म्हणायचो. ती गेले पाच महिने 'तुकडी' ऐकत होती. तिच्या जागी त्या शाळेतून आलेलं कुणीही असतं तरी तेच ऐकलं असतं. पुण्यातल्या मुलाला घरातला काका नाहीतर शेजारचा दादा सांगतो, अरे वेड्या, ए बी मध्ये वरचं-खालचं काही नाही. तिला हे सांगायचं काम कॉलेजने एका माणसाकडे दिलेलं होतं. तो माणूस तिच्यासमोर खुर्चीवर बसला होता.

मग मी तिला विचारलं. जूनमध्ये विचारायचं ते कार्तिकात विचारलं. कुठे जायचंय तुम्हाला?

"डॉक्टर व्हायचंय."

का, तेही विचारलं. ती म्हणाली की तिच्या एका चुलतीच्या छातीत गाठ झाली होती. डॉक्टर आठवड्यातून एकदा भोसरीला येत, पण ते पुरुष. चुलतीने दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. जावेलाही नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. "आमच्याकडं बायका डॉक्टरला फक्त हात दाखवतात, सर. तोही दाराआडून." डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. हिशोब मांडावा तशी ती बोलली.

आणि एक अट होती. वडिलांनी इंटरपर्यंत शिकायला मोकळीक दिली होती. इंटरनंतर डॉक्टरीला नंबर लागला तर पुढे, नाहीतर लग्न. खेडच्या बाजूचं एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि वडिलांनी त्यांना वैशाखापर्यंत थांबवून धरलं होतं. ए ग्रुपने इंटर झाल्यावर डॉक्टरीचा अर्जच करता येत नव्हता. म्हणजे ग्रुप तातडीने बदलला तरच काही होणार होतं.

मी त्याच दुपारी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. तिरसट म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी येऊ द्या तिला. एका टर्मची प्रात्यक्षिकं मी करून घेतो. मुठा नदीत बेडूक कमी नाहीत. विद्यापीठाची परवानगी तेवढी आणा." मला हुरूप आला. तिथून ऑफिसात गेलो.

आमचे हेडक्लार्क तीस वर्षं त्याच खुर्चीवर होते. नियम त्यांना पाठ आणि नियमांच्या फटीही पाठ. त्यांनी एक छापील फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. ग्रुपबदलाचं कारण.

"सर, सगळं ह्या रकान्यावर आहे," ते म्हणाले. "विद्यार्थिनीची चूक म्हणून गेलं तर वरून नकार येणार, लिहून देतो. मुदत टळून चार महिने झालेत. कॉलेजची चूक म्हणून गेलं तर त्यांना दुरुस्त करावंच लागतं. दोन वर्षांपूर्वी असं एक प्रकरण झालंय, मीच पाठवलं होतं."

"कॉलेजची चूक म्हणजे कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कार्ड कुणाच्या सहीचं आहे, त्यांची."

मी फॉर्म घेऊन स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. खरं काय ते मला ठाऊक होतं, त्याबद्दल मनात जराही गोंधळ नव्हता. ही मुलगी माझ्याशी बोलली असं मी सही करून सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. हे लिहिलं की तिचा ग्रुप बदलणार होता. आणि हे लिहिलं की जूनमध्ये माझी फाईल निघाल्यावर त्यात हे कार्ड सापडणार होतं. आईने शेजारणींना सांगून ठेवलं होतं, जूनमध्ये कायम होतोय. मी स्वतःला समजावलं: गैरसमज तिचा झालाच होता की. त्यात खोटं काय आहे? तिने ए म्हटलं, कुणी तिच्या तोंडात घातलं नव्हतं. मनाची समजूत घालणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज विद्यार्थिनीच्या हस्ताक्षरात लागायचा, इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी मी सांगितला, तिने लिहिला. ग्रुप निवडताना माझ्या स्वतःच्या चुकीमुळे, अशा अर्थाचं वाक्य मी तिला सांगितलं. 'स्वतःच्या' हा शब्द नसता तरी चाललं असतं. तो मी घातला. ती क्षणभर थांबली, मग तिने तो लिहिला, आणि शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरून उभी राहिली.

अर्जावर प्राचार्यांची सही हवी होती. मी घेऊन गेलो. त्यांनी दोनदा वाचला, मग तिचं कार्ड मागवलं.

"तुमच्याकडचीच ना ही? बोलला होतात हिच्याशी जूनमध्ये?"

"हो, सर."

"आणि हिने तुम्हाला डॉक्टरीचं काही सांगितलं नाही?"

"नाही, सर."

दुसरं उत्तर खरं होतं. खोटं टिकवायचं असेल तर सोबत एखादं खरं वाक्य ठेवावं लागतं. प्राचार्य खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपली योजना इतकीशीच. विचारूनही कळत नाही." आणि त्यांनी सही केली. पुढच्या वर्षी कार्डांची पद्धत त्यांनी बंद केली. काही उपयोग होत नाही, असं त्यांचं मत झालं होतं.

संक्रांतीच्या आधी विद्यापीठाचं उत्तर आलं. एकच ओळ. विद्यार्थिनीच्या चुकीसाठी मुदतीनंतर सवलत देता येत नाही. हेडक्लार्कनी ते पत्र माझ्या हातात दिलं आणि पुढची फाईल उघडली. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. तिने ए ग्रुपमधूनच इंटरची परीक्षा दिली आणि दुसऱ्या वर्गात पास झाली. गणितात चांगले गुण होते. तिला ते आवडत नव्हतं, हे मला ती वही तपासताना कधी दिसलं नाही. नावडतं कामही ती मन लावून करायची. वैशाखात खेडच्या पुढच्या एका गावात तिचं लग्न झालं. मामा पत्रिका घेऊन आला होता. मी गेलो नाही. जूनमध्ये मी कायम झालो. आईने सत्यनारायण घातला आणि मी सोवळं नेसून पूजेला बसलो.

त्यानंतर तीस वर्षं नोकरी केली. योजना असो नसो, माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाला मी खाली बसवून विचारलं, कुठे जायचंय, का. पिंपरी-चिंचवडात कारखाने वाढले, कामगारांची मुलं कॉलेजात यायला लागली. त्यांतल्या कितीतरी मुलांना मी चुकीच्या दारातून वेळीच मागे आणलं. निघोज्याच्या एकाला, देहूच्या दोघा भावांना, आणि असे पुष्कळ. लोक म्हणायला लागले, सरांना विचारा, सर नीट सांगतात. माझं नाव झालं ते असं झालं. कुणी स्तुती केली की मला लाज वाटते, आणि ती लाज लोकांना विनय वाटतो.

आता मोशीचं. ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

विद्यापीठाचं पत्र आलं त्या शनिवारी तिचा मामा घरी आला. म्हणाला, "सर, एकच वाट ऱ्हायली. पोरीला आनखी एक वरीस द्यायचं, आन बी मधनं इंटर परत करायची. पन दाजींना सांगायचं कुनी? म्या बोललो तर म्हनत्याल, मामा भाचीचे लाड करतोय. तुमी एकडाव या. तुमचं ऐकत्याल ते."

रविवारी सकाळी सायकल काढली. चिखलीवरून बैलगाडीची वाट होती, धुळीची. दोन्ही अंगाला हरभरा घाट्यांवर आलेला. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. आता अर्जाचा प्रश्न नव्हता, फाईलचा नव्हता. ह्या माणसाला खरं सांगितलं तर ते कॉलेजपर्यंत पोचायचंही नव्हतं. तेव्हा सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

तिचे वडील पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. मला त्यांनी ओट्यावर घोंगडी अंथरून बसवलं, गूळ-पाणी दिलं, स्वतः पायरीवर बसले. ती सुट्टीची घरी आलेली होती. दारातल्या खांबाला धरून उभी होती, तिच्यामागे तिची आई. मी एका वर्षाचं बोललो. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, एक वर्ष फार नाही, असं सगळं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"वरीस म्हंजी काय लई न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "एक पेरा वाया गेला म्हनून कुनी रान टाकून देत न्हाई. आमी पुन्यांदा पेरतोच की. पावन्यांना म्या आनखी थांबवीन, न्हाईतर दुसरं बघंन. त्याचं काय न्हाई. पन मला एक सांगा. ही चूक कुनाची झाली?"

प्रश्न अगदी सरळ होता. त्यांना माझ्यावर संशय नव्हता. रान कशाने बुडालं, पावसाने की आपल्या पेरणीने, हे माणूस जसं विचारतो तसं त्यांनी विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिला कार्डाचं ठाऊक नव्हतं, पण जूनमध्ये आपल्याला कुणीच काही विचारलं नाही, हे तर तिला माहीत होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

"गैरसमज झाला तिचा," मी म्हणालो. "अर्जात तसंच लिहिलंय."

वडिलांनी मान हलवली.

"मंग न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "कॉलेजानं घोळ घातला आसता ना, तर म्या तिला पुन्यांदा बसवली आसती. दोन वर्सं लागली आसती तरी. पन जिला सोताची तुकडी उमगली न्हाई, ती उद्या मानसाच्या अंगावर सुरी कशी चालवंल? ह्याचं औषिद त्याला दिलं म्हंजी? डागदराची चूक म्हंजी जीव जातो मानसाचा. तिच्या हातात म्या कुनाचा जीव देऊ?"

तिची आई आत निघून गेली. मी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. जिभेवर काय होतं तेही आठवतं. पण त्याआधी वडील लेकीकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर सुट्टीच्या दिसी धुळीतनं आल्यात तुझ्यापायी. पाया पड त्यांच्या."

ती खांब सोडून पुढे आली आणि वाकली.

"सर," ती म्हणाली, "माझ्या चुकीमुळं तुम्हाला त्रास झाला."

मी म्हणालो, "असू दे."